व्ही आणि डब्ल्यूचा उच्चार वेगळा कसा काढायचा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): मुलाखतीची तयारी चालू आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं. बनियनवाला 'व्हेस्ट' आणि पश्चिमवाला 'वेस्ट' माझ्या तोंडून एकच निघतो. गावात इंग्रजी बोलणारं कोणी नाही. घरच्या घरी काय करावं?

उत्तर १: भाऊ, आपला 'व' या दोघांच्या मधला, म्हणून घोळ होते. आरसा घ्या. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि आवाज लांबवा. ओठाला गुदगुल्या झाल्याच पाहिजेत. डब्ल्यूला दात लागतच नाहीत. 'ऊ' म्हणताना होतात तसे ओठ गोल करून तिथूनच 'एस्ट' म्हणा: ऊ-एस्ट. आधी सावकाश, मग जोडून. घाई केली की दात पुन्हा ओठावर येतात. 'व्हेरी वेल' म्हणून पाहा, दात ओठाला फक्त 'व्हेरी'ला लागले पाहिजेत.

उत्तर २: दादांचं बरोबर आहे. पण 'इस्कूल', 'इस्टेशन' होत असेल तर ते आधी काढा. 'स्स्स' लांबवायचं आणि न थांबता 'कूल' जोडायचं. दुसरं, इंग्रजी 'प'ला हवा नीट सुटते का ते पाहायला तोंडापुढं कागदाची पातळ पट्टी धरा. 'पेन' म्हणताना ती चांगली हलावी, 'स्पेन'ला जेमतेम. हलवायच्या नादात 'फेन' होऊ देऊ नका, ओठ आधी पूर्ण मिटले पाहिजेत.

उत्तर ३: जोर विसरू नका. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. बीबीसी लर्निंग इंग्लिश या इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाइटवरचं एकच वाक्य ऐका, मोबाईलवर आपलं रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐका.