गोठवलेलं अन्न विमानानं पाठवायचं कशासाठी?

चर्चाप्रस्ताव: शीतवारा

अन्नाची हवाई वाहतूक सरसकट बंद करा, असा एक सूर नेहमी ऐकू येतो. दुसरी बाजू म्हणते, व्यापार आहे, ज्याला परवडतं तो पाठवेल. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही ताजा माल आणि गोठवलेला माल एकाच तराजूत घालतात. तोडलेली शेंग किंवा बर्फात ठेवलेला ताजा मासा यांच्या हातात मोजके दिवस असतात. तिथे विमानाचा विचार समजू शकतो. पण उणे 18 अंशांवर नीट ठेवलेला माल महिनोन्‌महिने टिकतो. तो जहाजातून महिन्याभरानं पोचला तर कुणाचं काय बिघडतं?

उत्सर्जनाचं गणित साधं आहे. एक टन नाशवंत माल एक किलोमीटर नेताना विमानाचे साधारण 1.13 किलो कार्बन डायऑक्साइड धरले जातात, रीफर म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या कंटेनरच्या जहाजाचे सुमारे 0.02 किलो. म्हणजे पन्नास पटीच्या आसपास फरक. सात हजार किलोमीटर उडालेल्या एक किलो मालामागे जवळपास आठ किलो वायू हवेत जातो.

शिवाय विमान गोठवलेल्या मालासाठी बनलेलंच नाही. पोटातल्या कप्प्याचं तापमान थोडंफार सांभाळता येतं, पण उणे 18 चा कप्पा तिथे नसतो. म्हणून पेटीत ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, भरायचा. तो उणे 78.5 अंशांवर थेट वायू होतो, त्यामुळे पेटी हवाबंद करता येत नाही. नियमांत तो धोकादायक माल, वर्ग 9. एका विमानात किती न्यायचा यावर मर्यादा, वैमानिकाला लेखी कळवणं सक्तीचं, आणि त्याच कप्प्यात जिवंत प्राणी असतील तर आणखी काळजी. बरं, भाडं निघतं एकूण वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर. सहा हजार घन सेंटिमीटरला एक किलो असा हिशेब. म्हणजे थर्माकोलच्या जाड भिंतींचं भाडं भरायचं, आणि वाटेत उडून जाणाऱ्या ड्राय आइसचंही.

ताज्यावर वाद घालू, पण गोठवलेला माल विमानात चढवणं थांबायला हवं.

कार्गोशेड

मी नाशवंत मालाच्या शेडमध्ये काम करतो. तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही.

चाळीस फुटी रीफरमध्ये पंचवीस टनांच्या आसपास माल बसतो. दीडशे किलोवाल्यानं काय करायचं? चार जणांचा माल एका कंटेनरमध्ये घालायचा म्हटलं तर तापमान सगळ्यांना एकच चालायला हवं, कागद सगळ्यांचे एकाच वेळी तयार हवेत, आणि एकाचं प्रमाणपत्र अडकलं की बाकीचे तिघेही बंदरात अडकले. नवीन ग्राहक आधी नमुना मागतो. तो नमुना महिन्याभरानं पोचला तर ऑर्डर तोवर दुसऱ्याकडे गेलेली असते. छोटा उत्पादक याच दारातून आत येतो. ते बंद केलंत तर राहतात फक्त कंटेनर भरू शकणारे.

विमानाच्या वाटेनं गोठवलेला माल जपणं अवघड, याबाबत मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त खरा घात उड्डाणात होत नाही, जमिनीवर होतो. पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेल्या पेट्यांची चळत, बांधून, वर थर्मल ब्लँकेट टाकून विमानाशेजारी नेलेलं असतं आणि लोडिंगला उशीर होतो. नंतर तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा आलेख काढला की सपाट रेषेवर तेवढाच एक उंचवटा दिसतो. त्या वेळात कडेच्या पेट्यांतला माल वितळायला लागतो, पुढे पुन्हा गोठतो. मग आत बर्फाचे मोठे स्फटिक धरतात आणि शिजवताना माल पाणी सोडतो. बाहेरून पेटी अगदी ठणठणीत दिसते.

रानवाट

धागाकर्त्यांनी ताज्या मालाला इतक्या सहज सोडलं, याचं वाईट वाटलं. ब्रिटिश सरकारसाठी 2005 साली झालेल्या अभ्यासात अन्नवाहतुकीच्या टन-किलोमीटरमध्ये (वजन गुणिले अंतर) विमानाचा वाटा फक्त 1 टक्का होता, पण त्या वाहतुकीच्या कार्बनमध्ये 11 टक्के. त्यातलं बरंचसं ताजंच. बिगरहंगामी भाजी खाणं ही गरज नाही, सवय आहे, आणि ती स्वस्त पडते कारण आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर सहसा करच लागत नाही. 1944 च्या शिकागो करारानं विमानात आधीपासून असलेल्या इंधनाला सीमाशुल्कातून सूट दिली, आणि पुढच्या द्विपक्षीय करारांनी ती सवलत वाढवत नेली. ती काढा, मग बघू किती शेंगा उडतात.

शेंगवाली

रानवाट, त्या शेंगा पिकवणारा माणूस तुमच्या हिशेबात कुठे आहे?

एप्रिल 2010 मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी उसळला आणि युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं. केनियात तोडलेला भाजीपाला आणि फुलं पडून सडली, पॅकहाउसमधल्या मजुरांना घरी बसवलं. कर लावून तुम्ही हेच कायमचं करू म्हणताय. सेंद्रिय प्रमाणपत्र देणाऱ्या ब्रिटनच्या सॉइल असोसिएशन या संस्थेनं 2007 मध्ये विमानानं येणाऱ्या मालाचं ते प्रमाणपत्र काढून घेण्याचा विचार केला होता, आणि शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकल्यावर सरसकट बंदीची वाट सोडली. जगभरातल्या अन्नाच्या टन-किलोमीटरमध्ये विमानाचा वाटा 0.16 टक्का आहे. कार्बनच कमी करायचा असेल तर आधी ताटात काय आहे ते बघा, ते कशातून आलं ते नंतर.

रानवाट

शेंगवाली, मजुरांची काळजी मलाही आहे. पण एका ज्वालामुखीनं ज्यांची चूल विझते, त्यांना त्याच धंद्यात बांधून ठेवणं ही काळजी कशी? केनियाचा अ‍ॅव्होकाडो आज नियंत्रित वातावरणाच्या कंटेनरमधून मोम्बासाहून समुद्रमार्गे जातोच ना? हवेतला ऑक्सिजन कमी ठेवून फळाचं पिकणं लांबवतात. जे पीक असं जाऊ शकतं त्याला तिकडे वळवा, त्यासाठी पैसा द्या.

कार्गोशेड

अ‍ॅव्होकाडोचं उदाहरण घेतलंत तर पुढचंही घ्या. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-बारा दिवस जास्त. नियंत्रित वातावरण असूनही फळ पिकून पोचण्याची भीती. जहाज हा पर्याय नकाशावर दिसतो तितका भरवशाचा नाही. आणि शेंगेला तर तो नाहीच, ती तेवढे दिवस टिकत नाही.

पडवी

“विमान तसंही उडणारच आहे, पोट रिकामं नेण्यापेक्षा माल नेलेला बरा” हे कुणी अजून म्हटलं नाही, पण म्हणेलच. हवाई मालापैकी निम्म्याच्या आसपास प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, हे खरं. पण कुठला मार्ग चालू ठेवायचा हे ठरवताना कंपन्या मालाचं भाडंही मोजतात, आणि वाढलेल्या वजनाला इंधन लागतंच. तेव्हा तो युक्तिवाद टिकत नाही.

शीतवारा

कार्गोशेड, नमुन्याचा मुद्दा मला पटतो. दीडशे किलोवाल्याचं दार बंद व्हावं असं मी म्हणत नाही. पण एक सांगा, तुमच्या शेडमधून गोठवलेल्या मालाची भरलेली पॅलेटं जातात त्यातले नमुने किती आणि नेहमीची ऑर्डर किती? एकाच ग्राहकाला दर महिन्याला तोच माल विमानानं जात असेल तर ती घाई नाही, आखणीतली ढिलाई आहे. पलीकडे शीतगृहात साठा ठेवला तर तो जहाजानं जाऊ शकतो. माझी मागणी तेवढ्यापुरती आहे: नमुना आणि पहिली खेप विमानानं, पुढची समुद्रानं. ताज्यावर रानवाट आणि शेंगवालीचं चालू द्या.

कार्गोशेड

नेहमीच्याच ऑर्डरी जास्त, हे मान्य करतो. पण पलीकडे शीतगृह भाड्यानं घ्यायचं म्हणजे दोन-तीन महिन्यांचा माल, म्हणजे तेवढं भांडवल अडकलं. विमानानं पाठवणाऱ्याचे पैसे पंधरा दिवसांत सुटतात. छोट्याला आधी बँकेनं त्या साठ्यावर कर्ज द्यायला हवं. ते मिळालं तर मीच त्याला जहाजाचा रस्ता दाखवेन.