मदत हवी आहे: पहाटे पाचनंतर दुर्बिणीतून गुरू धुरकट दिसतो, भाऊबीजेच्या आत उपाय सांगा (दिवाळी २०२५)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. पहाटे चारला गुरू झकास दिसतो, चारही चंद्र, मधले पट्टे पण जाणवतात, आणि पाच वाजून गेले की सगळं धुरकट होतं, गुरूभोवती दुधासारखं वलय येतं, फोकस कितीही फिरवा काही फरक नाही. पुष्यातला एम ४४ हा तारकागुच्छ तर धड दिसतच नाही, चार-पाच सुटे तारे दिसतात बस, फाईंडरमधून (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून) त्याच्यापेक्षा चांगला दिसतो. बहिणीची मुलं आलीयत दिवाळीला, रोज पहाटे चादरी गुंडाळून रांगेत उभी राहतात आणि धाकटीची पाळी येईपर्यंत चित्र गेलेलं असतं. भाऊबीज झाली की जाणार ती. दुर्बीण बिघडलीय का? दुरुस्तीला कुठं देऊ?

ध्रुवबाळ
दुर्बीण कुठली, आरशाची की भिंगाची? किती एमएम? आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, कुठली? गाव कुठलं, गच्चीवर लावता की खिडकीतून बघता? यातलं काहीच लिहिलं नाहीय.

नळीवाला
कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, गेलंय. माझ्या ११४ एमएमच्या न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) अगदी हेच झालं होतं, दोन महिने डोकं लावलं, शेवटी मागचे तीन स्क्रू फिरवून आरसा सरळ केला आणि गुरू असा काही दिसला की बायकोला झोपेतून उठवून दाखवला. आधी ते बघा.

ध्रुवबाळ
पण कोलिमेशन गेलं असतं तर चारला पण वाईटच दिसलं असतं ना. पाच वाजता आरसा का हलेल?

कृष्णाकाठ
भिंगाची आहे, ७० एमएम, फोकल लेंथ ७००. सांगलीपासून जवळच, घरामागच्या परसात लावतो, पलीकडे ऊस आहे. १० ची आयपीस.

पंचांगप्रेमी
गुरू १८ ऑक्टोबरलाच कर्केत गेला. तुम्ही बहुतेक अजून मिथुनेत शोधताय, म्हणून नीट दिसत नसेल.

ध्रुवबाळ
काका, गुरू त्यांना सापडलाय, चारही चंद्र दिसतायत. पंचांगातली रास म्हणजे ३० अंशांचा सारखा तुकडा, आकाशातल्या तारकासमूहांच्या सीमा लहानमोठ्या आहेत. आत्ता वर बघितलं तर गुरू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या खाली, मिथुन तारकासमूहातच आहे.

पंचांगप्रेमी
पुनर्वसूचा चौथा चरण कर्केतच येतो, तेच म्हणतोय मी. पंचांग चुकत नाही.

ध्रुवबाळ
पंचांग चुकलं असं मी म्हटलंच नाही. दोन्ही बरोबर आहेत, मोजायची पद्धत वेगळी आहे. यावर वेगळा धागा काढा, मी येतो तिथं.

आभाळवेडी
फटाक्यांचा धूर असणार, दुसरं काय. आमच्याकडे ठाण्यात नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून माळा सुरू, शुक्रसुद्धा लालसर दिसत होता. दिवाळी संपेपर्यंत थांबा.

कृष्णाकाठ
ताई, फटाके नरकचतुर्दशीलाच वाजले, हा त्रास त्याच्या चार-पाच दिवस आधीपासून आहे. आणि डोळ्यांनी आकाश स्वच्छ असतं, मृगातला तेजोमेघ पण नुसत्या डोळ्यांना जाणवतो. थांबता येत नाही हो, मुलं जाणार.

नळीवाला
मग ७० एमएमच लहान पडतेय. सहा इंची डॉब्सोनियन, आरशाची मोठी दुर्बीण, घ्या. ७० मध्ये तारकागुच्छ बघणं म्हणजे डोळ्यांना त्रास.

दहा_बाय_पन्नास
हे पटलं नाही. गॅलिलिओकडे वीसपटीची दुर्बीण होती, तिच्यातून त्याने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र बघितले आणि याच पुष्यातल्या गुच्छात चाळीसच्या आसपास तारे मोजले. आजची साधी ७० ची नळी त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. मी तर म्हणतो गुच्छांसाठी दुर्बीण लावूच नका, १० बाय ५० ची (१०पट, ५० एमएम भिंगाची) बायनॉक्युलर घ्या, आरामखुर्चीत पडून कृत्तिका, रोहिणीभोवतीचा गुच्छ, पुष्य सगळं एका बैठकीत होतं. पंधरा वर्षं हेच करतोय.

नळीवाला
बायनॉक्युलरमधून गुरूचे पट्टे दाखवा मग.

दहा_बाय_पन्नास
गुच्छांबद्दल बोलतोय मी, वाक्य पूर्ण वाचा.

सप्तर्षी
एम ४४ चं उत्तर गणितातच आहे. दुर्बिणीची फोकल लेंथ ७०० भागिले आयपीसची १० म्हणजे ७०पट, साध्या आयपीसला जेमतेम पाऊण अंश आकाश दिसतं. गुच्छ दीड अंशाचा, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तर होतील एवढा. तुम्ही गुच्छाच्या पोटात शिरून बघताय, म्हणून चार-पाचच तारे. २५ ची आयपीस असेल तर ती लावा, २८पट, सगळा गुच्छ एकदम मावेल. ती लावूनच मिथुनेच्या पायाशी एम ३५ पण बघा, तो पौर्णिमेच्या चंद्राएवढा आहे. बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जास्तीचं भिंग, लावता का?

कृष्णाकाठ
२५ ची आहे, डब्यातच होती, कधी लावली नाही कारण छोटं दिसतं. बार्लो हो, गुरूला तीनपटीचा लावतो, १० च्या आयपीसबरोबर.

सप्तर्षी
अहो म्हणजे २१०पट झालं! ७० एमएमला १४० च्या वर काही हाती लागत नाही, प्रकाश तेवढाच आणि तो पसरतो. नुसत्या १० वर गुरू डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडपट दिसतो, तेवढा पुरे. बार्लो काढा.

कृष्णाकाठ
काढतो. पण चारला बार्लो लावूनही बरं दिसतं आणि पाचला नुसत्या १० वर पण धुरकटच, ते का? प्रश्न तोच आहे माझा.

कोयनेची_आत्या
बाळा, पुढच्या भिंगावर बॅटरी मारून बघितलंस का पाच वाजता? आयपीसवर नको, पुढच्या मोठ्या भिंगावर, तिरकी. मला हे दवाचं वाटतंय. ऑक्टोबरात रात्र निरभ्र, खाली ओली जमीन, शेजारी उसाचं रान, पाणी दिलेलं असेल तर विचारूच नको. भिंग उघड्या आकाशाकडे तोंड करून असतं, त्याची ऊब वर निघून जाते, ते भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं आणि त्यावर दव धरतं, तांब्यात फ्रीजचं पाणी ओतल्यावर बाहेरून घाम येतो तसं. त्यात गुरू चारला पूर्वेकडे कललेला असतो आणि साडेपाचला जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे नळी सरळ वर, सगळं आकाश भिंगासमोर. पुढची प्लास्टिकची नळी बसवलेली आहे ना? भिंगाच्या पुढे येते ती.

कृष्णाकाठ
आत्या, ती नळी काढून ठेवलीय. कपाटात दुर्बीण आडवी बसत नव्हती म्हणून. ती नुसती उजेड अडवायला असते असं वाटलं. आणि धुरकट झालं की मी आयपीस रुमालाने पुसतो, पुढचं भिंग कधी बघितलंच नाही.

कोयनेची_आत्या
मग तेच. ती नळी परत लाव, आणि तेवढीही कमीच पडेल तुझ्याकडे. जुन्या योगा मॅटचा नाहीतर काळ्या जाड कागदाचा तुकडा घे, नळीभोवती गुंडाळून भिंगाच्या पुढे १०-१४ सेंटीमीटर येईल असा चिकटपट्टीने बांध. दव धरलंच तर पुसू नकोस, अजिबात, भिंगावरचा थर खरवडतो. हेअर ड्रायर सगळ्यात कमी आचेवर, लांबून, मिनिटभर. मुलांना सांग आयपीसजवळ तोंडाने श्वास सोडायचा नाही.

नळीवाला
न्यूटोनियनला हा त्रास कमी, आरसा नळीच्या तळाशी असतो.

कोयनेची_आत्या
त्यांच्याकडे न्यूटोनियन नाहीय ना पण.

आभाळवेडी
लेमन धूमकेतू पहाटे दिसेल का कुणाला माहितीय?

ध्रुवबाळ
आता तो संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला. इथे पहाटेचं चाललंय.

कृष्णाकाठ
मंडळी, आज पाडवा, आत्ताच आत आलो. काल दुपारी मॅट कापून लावली, मूळ नळी पण बसवली. साडेपाचला बॅटरी मारली, भिंग कोरडं. शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून मात्र पाणी टपकत होतं. गुरूचे दोन पट्टे धाकटीने स्वतः सांगितले, मी काही बोललो नव्हतो. मग २५ ची लावून पुष्य दाखवला, तिने बोटावर मोजायला सुरुवात केली, एकतीसपर्यंत गेली आणि मग थोरल्याने ढकललं. शुक्र पण बघितला, तो गोलच दिसतो, कोर नाही. ते बरोबर आहे ना?

सप्तर्षी
बरोबर आहे. सध्या तो सूर्याच्या पलीकडच्या बाजूला आहे, म्हणून छोटा आणि जवळपास पूर्ण गोल. कोर तो आपल्या बाजूला आला की.

कोयनेची_आत्या
छान झालं. घरात आणल्यावर टोपण लगेच लावलंस का? लावलं असशील तर काढ आधी. तासभर उघडी, तोंड खाली करून ठेव, पूर्ण कोरडी झाली की मग टोपण, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत भिंगाला बुरशी धरते.

कृष्णाकाठ
लावलं होतं. काढून आलो.