व्हिडिओ घरी, गणितं वर्गात: कसं जमवायचं?

बीमबाई: पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवते. या सेमला शिअर फोर्स-बेंडिंग मोमेंटचा (वजनामुळे बीमला आतून कापणारं बल आणि वाकवणारा जोर) भाग फ्लिप करायचाय. लेक्चर पोरांनी घरी बघायचं, वर्गात नुसती गणितं. कोविडच्या काळातलं तासाभराचं रेकॉर्डिंग पडून आहे, तेच देऊ? की एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या मोफत ऑनलाइन लेक्चरची लिंक? आणि व्हिडिओ न बघताच वर्गात येतील त्यांचं काय करायचं?

कोथरूडकर: ते रेकॉर्डिंग राहू द्या. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली आला होता. व्हिडिओ केवढाही असो, निम्मे लोक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. आणि वर्गातलं लेक्चर कापून तुकडे केले, तरी मुद्दाम छोट्या केलेल्या व्हिडिओची सर त्याला येत नव्हती. स्लाइडपेक्षा हाताने काढत समजावलेलं लोक जास्त बघतात, हेही त्यातच आहे. म्हणजे तुमचं काम स्वस्तात होतंय: मोबाइल स्टँडला कॅमेरा खाली करून लावा, खाली कोरा कागद, बीम काढा, रिअ‍ॅक्शन काढा, शिअरची आकृती पूर्ण करा. तिथेच थांबा: ‘मोमेंट सगळ्यात जास्त कुठे येईल ते वहीत लिहा, मग पुढे चला.’ कॉलेजात मूडल (कोर्स ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यातलं एचफाइव्हपी हे व्हिडिओत प्रश्न घालायचं टूल वापरा, प्रश्न आला की व्हिडिओ आपोआप थांबतो.

पेठेतला: एनपीटेल चांगलंच आहे, पण जोडीला द्या. सॅगिंग, म्हणजे बीमचं खाली झोळ पडल्यासारखं वाकणं, पॉझिटिव्ह धरायचं की निगेटिव्ह, यात त्यांचं एक आणि तुमचं दुसरं निघालं की अख्खा तास त्यातच जातो.

बीमबाई: हे खरंय. पण न बघणाऱ्यांचं राहिलंच.

खडू-डस्टर: त्यांच्यासाठी वर्गात पुन्हा शिकवायचं नाही. एकदा शिकवलंत की बघून आलेली पोरंही पुढच्या वेळी बघणार नाहीत, त्यांना काय वेड लागलंय? मी आल्याआल्या अर्ध्या पानाचं एक गणित देतो, मार्क नाहीत. ज्याला सुरुवातच करता येत नाही त्याने मागच्या बाकावर हेडफोन लावून व्हिडिओ बघायचा, बाकीचे पुढे. मित्र पॉइंट लोडच्या (एकाच जागी टेकलेल्या वजनाच्या) गणितावर पोचलेत आणि आपण अजून व्हिडिओतच, हे पोरांना माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

कोथरूडकर: बघायची सोय आहे का, तेही आधी विचारा. हॉस्टेलच्या वायफायवर भरवसा नको. ज्या बर्गमन-सॅम्स या शिक्षकांच्या जोडीने २००७ मध्ये कोलोरॅडोतल्या शाळेत हे सुरू केलं, ते नेट नसलेल्या मुलांना डीव्हीडी करून देत. तुम्ही ३६०पीची, म्हणजे कमी रिझोल्यूशनची लहान फाइल पेनड्राइव्हवर सीआरकडे (वर्गाच्या प्रतिनिधीकडे) द्या.

बीमबाई: सीआरला आजच सांगते. माइक कुठला घेऊ?

पेठेतला: साधा कॉलर माइक पुरे. आधी पंखा बंद करा.