को-हाउसिंग करतोय, डिझाइन कुठून सुरू करायचं?

कौलारू:
मंडळी, आम्ही वीसेक कुटुंबं मिळून जमीन घेऊन को-हाउसिंग करायच्या विचारात आहोत, म्हणजे घर ज्याचं त्याचं पण मोठं स्वयंपाकघर, जेवायचा हॉल, लाँड्री, पाहुण्यांच्या खोल्या सगळ्यांच्या मिळून. ग्रुपवर सध्या नुसती सोलर नि कंपोस्टची चर्चा, माणसं एकमेकांना भेटणार कुठे हा विषयच कोणी काढत नाहीये. सुरुवात नक्की कशापासून करावी?

नकाशेवाला:
गाड्यांपासून, खरंच. पार्किंग एका कडेला ढकला आणि तिथून घरी जायची पायवाट कॉमन हाउसच्या (म्हणजे सगळ्यांचं स्वयंपाकघर, हॉल वगैरे असलेल्या इमारतीच्या) दारावरूनच जाईल अशी आखा. कॉमन हाउस उरलेल्या कोपऱ्यात टाकलंत की तिकडे कोणी फिरकणार नाही, लिहून घ्या. डेन्मार्कात १९७२ ला सेटेडॅमेन झालं तिथून ही कल्पना पसरली, डेन्मार्कातलंच नंतरचं त्रुडेस्लुंड बघा, ३३ घरं, गाड्या बाहेर, आत पायवाटा. आणि घरांच्या स्वयंपाकाच्या खिडक्या वाटेकडे, झोपायच्या खोल्या मागे. भांडी घासताना कोण चाललंय दिसतं, हाक मारता येते, मूड नसेल तर मागे जाऊन बसा. मागे एकांत नसला ना, तर लोक पुढचेही पडदे ओढून घेतात.

तिरकीरेघ:
+१. आणि सोलरवाल्यांना सांगा की मुख्य बचत पॅनेलमधे नाही, कमी बांधण्यात आहे. वीस वॉशिंग मशीनऐवजी चार, प्रत्येकाची वेगळी गेस्टरूम नको, म्हणजे घरं लहान आणि भिंतीला भिंत लागून. इंग्लंडात लीड्सला लायलॅक म्हणून २० घरांची वसाहत आहे, भिंतींत पेंढ्याच्या गासड्या भरल्यात, पण मला त्यांचं पैशाचं गणित जास्त आवडतं: घरं सोसायटीच्या मालकीची आणि सभासद हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण ३५ टक्के भरतात. म्हणजे पगार कमी तर भरणंही कमी.

ताटवाटी:
जेवायच्या हॉलच्या आवाजाकडे कोणीच बघत नाही! उंच छत, टाइल्स, काचा, त्यात पंधरा पोरं, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही मग आधी म्हातारी माणसं यायची बंद होतात आणि हळूहळू सगळेच. छताला आवाज शोषणारे पॅनेल लावा, पोरांची खोली काचेच्या दाराआड. बाकी स्वयंपाकाचा बाऊ नको, चाळीस मोठी माणसं, आठवड्यात तीन जेवणं, दर वेळी तिघं राबणार, म्हणजे पाळी महिन्यातून एकदाच.

कौलारू:
भारी, धन्यवाद! पार्किंगचं आजच टाकतो, दोघं तरी भडकणार. पण सामान नि आजारी माणूस कसं न्यायचं?

नकाशेवाला:
पार्किंगला दोन-तीन हातगाड्या ठेवा. आणि अँब्युलन्स, अग्निशमनची गाडी जाईल इतकी वाट रुंद ठेवावीच लागते, तोंडाशी काढता येणारा खांब लावा म्हणजे रोज कोणी गाडी आत घालणार नाही. खांबाची चावी भडकणाऱ्या दोघांकडे देऊ नका फक्त 😄