स्क्रीन रीडरला सजेशन आणि कमेंट कळतच नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लिखाण-संपादनाचं काम करते. नजर गेल्या दोनेक वर्षांत बरीच कमी झालीये. आधी झूम वाढवून वाढवून भागवलं, २०० टक्के, मग ३००, आता ४०० वर स्क्रीनवर जेमतेम पाच-सहा शब्द मावतात आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात काय होती तेच विसरायला होतं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकला. फुकट आहे, मराठी पण वाचतो (त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा तो यांत्रिक आवाज ऐकून पहिले दोन दिवस डोकं उठलं होतं, आता सवय झाली). ईमेल, बातम्या, साध्या वेबसाइट सगळं जमतंय.

अडलंय ते ऑनलाइन एडिटरमध्ये. आमची टीम जे सॉफ्टवेअर वापरते (नाव मुद्दाम लिहीत नाही, वाद नको) त्यात मी टाइप केलेली अक्षरं ऐकू येतात, बाण दाबून ओळी पण वाचता येतात. पण बाकीचे तिघं त्याच फाइलमध्ये दुरुस्त्या सुचवतात त्याचा मला पत्ताच लागत नाही. खोडलेला शब्द आणि त्याच्या जागी टाकलेला शब्द दोन्ही एका दमात वाचले जातात. परवा "बैठक रद्द झाली पुढे ढकलली" असं ऐकलं, म्हटलं कुणीतरी घाईत लिहिलंय, मी आपलं बसून "पुढे ढकलली" काढून टाकलं, आणि नंतर कळलं की "रद्द झाली" हेच आधी लाल रेघ मारून खोडलेलं होतं. म्हणजे बरोबर उलटं करून ठेवलं मी! सगळं रंगावर आणि रेघेवर सोडलंय, आणि रंग ऐकू कसा येणार?

कमेंटची तीच गत. टॅब दाबत तिथपर्यंत जायचं तर आधी अख्खा टूलबार पार करायचा, आणि त्यातली अकरा बटणं (मोजलीत) नुसती "बटण, बटण, बटण" एवढंच बोलतात. कशाचं बटण ते देव जाणे.

ब्राउझर बदलून झाला, इन्सर्ट-स्पेस दाबून ब्राउझ मोड (पान वाचत फिरायचा) आणि फोकस मोड (टाइप करायचा) असं आलटून-पालटून करून झालं. ब्राउझ मोडमध्ये तर अजूनच गंमत, पानभर मजकूर असताना "ब्लँक" म्हणतो. अहो मला अंधूक का होईना दिसतोय की तो!

तर दोष माझ्या सेटिंगचा आहे की सॉफ्टवेअरचा, हे ओळखायचं कसं? टीम म्हणते तुला वर्डची फाइल वेगळी पाठवतो. पण मग माझे बदल परत मूळ फाइलमध्ये कोण घालत बसणार. आणि प्लीज, इमर्सिव्ह रीडर किंवा वाचून दाखवणारं एक्स्टेन्शन सुचवू नका, ती वाचायची सोय झाली, मला लिहायचंय.

प्रतिसाद १

ब्लँकचं कारण बहुतेक हे असेल: काही एडिटर अक्षरं कॅनव्हासवर रंगवतात, म्हणजे पानाच्या एचटीएमएलमध्ये मजकूर नसतोच, डोळ्याला दिसतं ते एक प्रकारचं चित्र असतं. गूगल डॉक्सनेही २०२१ मध्ये कॅनव्हासकडे वळत असल्याचं जाहीर केलं होतं. तिथे स्क्रीन रीडर सपोर्ट वेगळा चालू करावा लागतो, कंट्रोल-आल्ट-झेड. मग कंट्रोल-आल्ट दाबून ठेवून एन आणि मग सी दाबलं की पुढची कमेंट, एन मग एच केलं की पुढचं हेडिंग. इतरांनी आत्ता काय बदललं ते बाजूला दाखवणारं लाइव्ह एडिट्स पण आहे. एडिटरमध्ये फोकस मोडच ठेवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा काही स्विच लपलाय का बघा, कंट्रोल-स्लॅश दाबून शॉर्टकटची यादी येते का तेही बघा.

प्रतिसाद २

ताई, आधी एनव्हीडीएच तपासा. इन्सर्ट-कंट्रोल-डी दाबलं की डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंग उघडतात, तिथे एडिटरच्या दुरुस्त्या आणि कमेंट सांगायच्या का याचे पर्याय असतात. ते चालू करून डेस्कटॉपवरच्या वर्डमध्ये ट्रॅक चेंजेसवाली (दुरुस्त्यांची नोंद ठेवलेली) एखादी फाइल वाचून बघा. तिथे "खोडलं", "घातलं" असं सांगत असेल आणि तुमच्या एडिटरमध्ये सांगत नसेल तर तुमचं काही चुकत नाहीये. खोडलेला-घातलेला मजकूर वेगळा ओळखू यावा म्हणून वेबवर इन्स आणि डेल हे टॅग कधीपासूनचे आहेत, ते वापरायचा कंटाळा केलेला असतो लोकांनी.

तक्रार करताना "वाचता येत नाही" एवढंच लिहू नका, हमखास "कॅश क्लिअर करा" असं उत्तर येतं. डब्ल्यूसीएजीचे (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचे) नंबर टाका. नुसत्या रंगावर माहिती सोडली तर १.४.१, बटणाला नाव नाही तर ४.१.२. शिवाय लिखाणाच्या साधनांसाठी वेगळी एटीएजी २.० नावाची मार्गदर्शक तत्त्वं २०१५ पासून आहेत, त्यात लिहिणाऱ्यालाही ते साधन वापरता आलं पाहिजे असं सरळ म्हटलंय.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! वर्डमध्ये लगेच बोलायला लागला, आमच्या एडिटरमध्ये ढिम्म. स्विच-बिच काही सापडला नाही. आता नंबर टाकून तक्रार लिहिलीये, आणि पुढची फाइल डॉक्सवर करून बघू असं टीमला पटवलंय. कंट्रोल-आल्ट-एन-सी बोटांत बसायला वेळ लागणार, पण कमेंट ऐकू आली एकदाची.

आणि हो, त्या अकरा मुक्या बटणांवर काय लिहिलंय ते एका सहकाऱ्याकडून वाचून घेतलं. त्यातलं एक "सगळ्या सजेशन नाकारा" होतं. मी रोज त्याच्यावरून टॅब मारत जात होते.