एड कमी पडतेय, कॉलेजला परत विचारलं तर चालतं का?

मांजलपूरची_आई:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लेकीला अमेरिकेत एका लिबरल आर्ट्स कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालीये, बायोलॉजी करायचंय तिला, अर्ज करतानाच एड, म्हणजे कॉलेजकडून मिळणारी आर्थिक मदत, मागितली होती. पत्रात वर्षाचा एकूण खर्च ८६ हजार डॉलर दाखवलाय, त्यातले ६२ हजार कॉलेज ग्रँट देतंय आणि उरलेले २४ हजार आम्ही भरायचे, म्हणजे २१-२२ लाख, आणि असं चार वर्षं. लोन धरून फार ओढूनताणून आम्ही १२ लाखांपर्यंत जातो. ह्यांचं मकरपुरा जीआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतात. फॉर्ममध्ये २०२४चं उत्पन्न लागलं, ते वर्ष चांगलं गेलं होतं, पण गेल्या दिवाळीपासून मोठ्या पार्टीने काम देणं बंद केलंय, दोन लेथ नुसत्या उभ्या आहेत. ह्यांचं म्हणणं, एवढं दिलंय त्यांनी, वर आणखी मागणं बरं दिसत नाही, चिडून आहे तेही काढून घेतलं तर? पोरगी तोंडाने काही बोलत नाही पण रात्री ते पत्र उघडून बसलेली दिसते. १ मेपर्यंत सीट कन्फर्म करायचीये. कोणाला अनुभव आहे का?

लेक_बोस्टनला:
ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, ६२ हजारांची ग्रँट बाहेरच्या देशातल्या मुलांना सहज मिळत नाही. आणि नीट विचारलं म्हणून दिलेली एड काढून घेतली असं मी तरी कुठे ऐकलं नाहीये. तिकडे ह्याला अपील म्हणतात, एप्रिलमध्ये एड ऑफिसला अशा मेल भरपूर येतात, त्यांचं कामच आहे ते. फक्त भाजीवाल्याशी करतो तसा भाव करायचा नाही. "अजून थोडं बघा ना" ह्याला उत्तर नकारच येतं. फॉर्म भरल्यानंतर घरात काय बदललं आणि त्याचा कागद काय, एवढंच ते बघतात. तुमच्याकडे तर सांगण्यासारखं आहे, काम बंद झालंय.
आपल्या मुलांना तिकडच्या सरकारची एड मिळत नाही, जे काही येतं ते कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून, आणि इंटरनॅशनल मुलांसाठीचं बजेट बऱ्याच ठिकाणी ठरलेलं असतं. त्यामुळे तुम्हाला कमी पडणारे पूर्ण १० हजार डॉलर भरून निघतील असं धरून चालू नका, पण थोडे मिळाले तरी चार वर्षांत मोठी रक्कम होते. मेल लेकीनेच तिच्या नावाने करायची, एका पानात, आणि आकडा स्पष्ट लिहायचा, आम्ही एवढे भरू शकतो, एवढे कमी पडतायत. आणि हेही विचारा की पुढच्या वर्षी फी वाढली की ग्रँट वाढते का, आणि हेल्थ इन्शुरन्स त्या ८६ मध्ये धरलाय का. आमच्या वेळी इन्शुरन्सचं बिल वेगळं आलं आणि घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता.

रावपुऱ्याचा_सीए:
ताई, दोन-तीन गोष्टी विचारतो. वर्कशॉपचा घसारा, म्हणजे मशिनरीची दरवर्षी धरतात ती झीज, किती आहे? आपल्याकडे घसारा वजा करून नफा दाखवतात पण ही कॉलेजं बऱ्याचदा तो परत उत्पन्नात मिळवतात, म्हणून त्यांचा आकडा आपल्या रिटर्नपेक्षा मोठा निघतो. ह्या वर्षाचं प्रोव्हिजनल नफा-तोटा पत्रक, मागच्या आणि ह्या वर्षाचे जीएसटी रिटर्न, आणि पार्टीने काम थांबवल्याची मेल असेल तर ती, हे सगळं लावा. विक्री कशी उतरली ते जीएसटीतून महिन्यागणिक दिसतं, त्याच्यावर कोणी शंका घेत नाही.
दुसरं, सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे एडसाठी भरलेल्या त्या फॉर्ममध्ये, घर-जमीन काय दाखवलंय?

मांजलपूरची_आई:
दादा, फॉर्म कन्सल्टंटने भरला होता, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता काढून बघितला. मांजलपूरचा फ्लॅट लोनवर आहे, ते बरोबर आहे. पण दांडिया बाजारातलं जुनं घरही पूर्ण बाजारभावाने आमचंच दाखवलंय त्याने! ते सासऱ्यांचं, सासू-सासरे दोघंही आता नाहीत, दीर तिथे राहतात, नणंदेचाही हिस्सा आहे. वाटणी झालेली नाही.

रावपुऱ्याचा_सीए:
मग अपीलचा मुख्य मुद्दा हाच करा, वर्कशॉप दुसऱ्या नंबरवर. राहतं घर सोडून दुसरी प्रॉपर्टी दिसली की कॉलेजला वाटतं ही विकून किंवा तारण ठेवून पैसे उभे राहतील. तुमचा त्यात तिसरा हिस्सा आणि तोही न वाटलेला, दीर राहतायत म्हणजे भाडंही नाही आणि तुमच्या एकट्याच्या सहीने विकताही येणार नाही. प्रॉपर्टी कार्ड आणि तलाठ्याकडचा पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, काढा, दोन्ही गुजरातीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. चूक दुरुस्त करतोय असं सरळ लिहा, लपवाछपवी नको. पीपीएफ, पीएफसुद्धा साध्या सेव्हिंगमध्ये घातलंय का ते बघून घ्या, रिटायरमेंटचा पैसा वेगळ्या रकान्यात जातो.
आणि पैसे पाठवताना, बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेले तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर, लागत नाही, स्वतःचे वर्षाला १० लाखांच्या वर गेले तर लागतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर अडकून राहतो.

अलकापुरीकर:
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. अपील जरूर करा, पण उत्तर यायच्या आधीच घरात आकडा ठरवा की ह्याच्या वर जायचं नाही. माझ्या भावाने "बघू पुढे" म्हणत पहिलं वर्ष भरलं आणि दुसऱ्या वर्षी फ्लॅट गहाण टाकला, आजही फेडतोय. कॅम्पसवर काम मिळतं पण स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच, त्यातून हातखर्च निघतो, फी निघत नाही. इथे बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत बायोलॉजी करून मास्टर्सला फंडिंग घेऊन गेलेली मुलं आहेत की आपल्याकडे. दुसऱ्या कुठल्या कॉलेजची ऑफर आहे का?

मांजलपूरची_आई:
एक आहे काका, पण ती मार्कांवरची स्कॉलरशिप आहे आणि मोठ्या युनिव्हर्सिटीची.

लेक_बोस्टनला:
मग अपीलमध्ये त्या ऑफरचा फार उपयोग नाही ताई. गरज बघून एड देणारं कॉलेज मार्कांवरच्या स्कॉलरशिपशी बरोबरी करायला सहसा जात नाही, तशाच प्रकारच्या कॉलेजची गरजेवरचीच ऑफर असती तर जोडा म्हटलं असतं. तुमचा घराचा मुद्दा पुरेसा भक्कम आहे. आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर. शिकायला पैसे मागणं ह्या गावाला नवीन नाहीये.

मांजलपूरची_आई:
ह्यांना सगळं वाचून दाखवलं. घराचं ऐकून स्वतःच म्हणाले हे तर कळवायलाच पाहिजे. उद्या पेढीनाम्यासाठी जातायत, लेक मेल लिहायला बसलीये. पण कागद यायला उशीर झाला आणि १ मे उलटली तर?

रावपुऱ्याचा_सीए:
कागदांसाठी थांबू नका. मेल आजच जाऊ दे, सब्जेक्टमध्ये तिचं नाव आणि अ‍ॅप्लिकेशन आयडी, आणि आत लिहा की प्रॉपर्टीचे कागद मागून पाठवतोय, निर्णय होईपर्यंत सीट कन्फर्म करायच्या डिपॉझिटची मुदत वाढवून मिळेल का. मुदतवाढीचं अ‍ॅडमिशन ऑफिसलाही वेगळं लिहा, ते खातं वेगळं असतं. भाषांतर झालं की मला दाखवा, हिश्शाचं वाक्य एकदा बघून देतो.