टेक्स्टबॉक्समधला कंट्रोल-के कुणाचा?

ओळीचाशेवट:
काल इथे एकाने लिहिलं, 'वेबसाइट आता ॲपच आहेत, कंट्रोल-के म्हणजे शोध. मॅकवाल्यांनी जुन्या सवयी सोडाव्यात.' वाचून डोकं फिरलं. मॅकवर कंट्रोल-ए म्हणजे ओळीची सुरुवात, कंट्रोल-ई म्हणजे शेवट, कंट्रोल-के दाबलं की कर्सरपुढची ओळ साफ, कंट्रोल-वायने ती परत. ईमॅक्स या जुन्या टेक्स्ट एडिटरच्या या खुणा सिस्टीमच्या टेक्स्टबॉक्समध्ये मुळातच आहेत. शोधासाठी कमांड-के आहे की! पण कोडमध्ये 'कंट्रोल किंवा कमांड' अशी सरसकट अट टाकतात. मग वाक्याचं शेपूट उडवायला जावं तर शोधाची खिडकी अंगावर येते आणि पुढची अक्षरं तिच्यात पडतात. कर्सर टेक्स्टबॉक्समध्ये असेपर्यंत बटणं लिहिणाऱ्याची. साइटने हात लावायचा नाही.

पुढचीबाजू:
ते मीच लिहिलं. विंडोजवर कमांड नसते, तिथे कंट्रोल-केच द्यावा लागतो. ईमॅक्सच्या खुणा वापरणारे मूठभर. माउस नको असलेल्यांनीच आमच्याकडे शॉर्टकट मागितले, त्यांचं काय करू?

यफळा:
कंट्रोल-के सोडा, एकट्या स्लॅशचं बोला. स्लॅश दाबला की शोध, ही सगळीकडची फॅशन. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये त्याच बटणावर 'य' आहे. एका नोट्सच्या साइटवर 'त्या' लिहायला गेलं की 'त्' उमटतो आणि कर्सर वर शोधात. कारण उघड आहे: अक्षर न बघता बटणाची जागा तपासली, आणि लिहायची जागा साधा टेक्स्टबॉक्स नसल्याने कोडला ती ओळखूच आली नाही. 'य' टाळून मराठी लिहून दाखवा!

उच्चारी:
इनस्क्रिप्ट वापरतंच कोण? फोनेटिकवर या, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. आमचं दुखणं मोठं आहे. पर्यायांतून शब्द निवडायला एंटर मारला की अर्धा मेसेज निघून जातो. शब्द अजून जुळतोय का, हे साइट तपासतच नाही.

यफळा:
'वापरतंच कोण' ही भाषा नको. 1991 च्या भारतीय मानकात आहे तो कीबोर्ड. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे काही न उतरवता मिळतो. एंटरची तक्रार मात्र खरी आहे.

उच्चारी:
मानकात असून तुमचा 'य' कुठे वाचला?

ओळीचाशेवट:
कीबोर्डची भांडणं वेगळ्या धाग्यावर न्या हो.

बोलूनटाइप:
नेऊ नका, मूळ तेच आहे. मनगटं गेल्यापासून मी बोलून लिहिते. फोकस, म्हणजे टाइप केलेलं जिथे जातं ती जागा, जरा सरकला की बोललेलं वाक्य एकेक अक्षराने आज्ञा बनतं. मेल वाचत असताना मी कुणाशी तरी बोलले, तर मेल आर्काइव्ह झाले, दुसरे डिलीट झाले. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या नियमावलीत 2.1.4 हा निकष याचसाठी आहे: एकट्या अक्षराचा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा, किंवा त्या घटकावर फोकस असतानाच चालावा. पातळी 'ए', म्हणजे अगदी किमान. मूठभर म्हणून आम्हालाही झटकणार का?

पुढचीबाजू:
नाही. बंद करायची सोय हवी, तेवढं मान्य. पण विंडोजवरचा कंट्रोल-के हलणार नाही.

ओळीचाशेवट:
विंडोजचं मी नाव तरी काढलं का? मॅकवर कंट्रोल सोडा, फक्त कमांड तपासा. एका अटीचं काम आहे.

पुढचीबाजू:
बघतो. टेक्स्टबॉक्सबाहेर मात्र शॉर्टकट माझेच राहतील.

यफळा:
आधी टेक्स्टबॉक्स कुठला ते तुमच्या कोडला ओळखू द्या.